चित्र टेबलमध्ये की फोल्डरमध्ये? वेब फॉर्मवरच्या अपलोडची पार्श्वभूमी

फॉर्ममधून फोटो निवडला, बटण दाबले, टेबलमध्ये नोंदही पडली. मात्र फोटो उघडला की वरची पट्टी तेवढी शाबूत आणि खाली सगळे करडे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'ब्लॉब' (फाइलचे कच्चे बाइट ठेवणारा) कॉलम घेऊन सुरुवात करणाऱ्यांच्या वाट्याला हे वर्षानुवर्षे आले आहे. या कॉलममध्ये लांबी दोन बाइटांत नोंदवतात, म्हणून त्यात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात. जुन्या आवृत्त्या पुढचा भाग कापून टाकत आणि फक्त एक वॉर्निंग ठेवत. ती कोणी वाचत नसे. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड (न मावणारी किंमत नाकारणारी सेटिंग) मुळातच चालू असतो, त्यामुळे आता निदान एरर तरी येते. तीन बाइटांची लांबी असलेला 'मीडियमब्लॉब' १,६७,७७,२१५ बाइट घेतो आणि बहुतेक फोटोंना तो पुरतो.

अशा अडचणी इतक्या ठिकाणी का येतात, याचे उत्तर इतिहासात आहे. ब्राउझर, वेब सर्व्हर, भाषा आणि डेटाबेस हे थर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात रचले. प्रत्येकाने आपापली मर्यादा ठरवली आणि ती ओलांडली की काय करायचे, तेही आपापले ठरवले.

फॉर्म मुळात मजकुरासाठी होता. एचटीएमएल २.० चे प्रमाण नोव्हेंबर १९९५ मध्ये निघाले, तेव्हा फॉर्मची माहिती पाठवण्याची नेहमीची रीत म्हणजे नाव-किंमत अशा जोड्या एका ओळीत गुंफणे. अक्षर-अंक सोडून बाकीच्या बहुतेक बाइटांच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक येतात, म्हणजे एकाचे तीन होतात. जेपेगसारख्या फाइलला हे परवडणारे नव्हते. त्याच महिन्यात झेरॉक्समधल्या नेबेल आणि मासिंटर यांचा आरएफसी १८६७ (इंटरनेटच्या रीती मांडणाऱ्या दस्तऐवजांपैकी एक) आला. फाइल निवडायचे इनपुट आणि 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' हे एन्कोडिंग त्यातलेच. ब्राउझर एक सीमारेषा ठरवतो, म्हणजे फाइलमध्ये सापडणार नाही अशी अक्षरमाला, आणि तिच्या दोन खुणांमध्ये फाइलचे बाइट जसेच्या तसे ठेवतो. फॉर्मवर 'एनकटाइप' (कोणते एन्कोडिंग वापरायचे ते) लिहायचे राहिले, तर आजही फक्त फाइलचे नाव पोहोचते, फाइल नाही.

प्रत्येक भागासोबत फाइलचा प्रकारही येतो. तो पाठवणाऱ्याच्या बाजूने आलेला असतो आणि ब्राउझर तो सहसा एक्स्टेन्शनवरून ठरवतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. सर्व्हरवर सुरुवातीचे बाइट तपासावेत (जेपेग एफएफ डी८ एफएफ, पीएनजी ८९ ५० ४ई ४७) आणि मग लायब्ररीकडून चित्र खरोखर उघडून पाहावे. नुसत्या सुरुवातीच्या बाइटांची नक्कल कोणीही करू शकतो.

सर्व्हरच्या बाजूला पीएचपी या भाषेने हे काम सोपे केले, कधीकधी जरा जास्तच. फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडे आणि तिचा मार्ग साध्या व्हेरिएबलमध्ये येई. त्याच नावाची किंमत फॉर्ममधून घुसवली, तर स्क्रिप्ट सर्व्हरवरची पासवर्ड फाइलही 'अपलोड' समजून उचलू शके. म्हणून २००० मध्ये ४.०.३ आवृत्तीत 'मूव्ह_अपलोडेड_फाइल' आले. ते आधी फाइल खरोखर अपलोड होऊन आली आहे का हे तपासते आणि मगच हलवते. मर्यादांचा घोळ मात्र तसाच राहिला. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण विनंतीला ८ एमबी. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तो १ एमबीलाच ४१३ (विनंती फार मोठी) ही एरर देऊन परत पाठवतो. ८ एमबी ओलांडले की पीएचपी फॉर्मचे सगळे रकाने रिकामे देते. वापरणाऱ्याने काहीच भरले नाही असे वाटते आणि शोध भलतीकडेच सुरू होतो.

डेटाबेसचा थर सगळ्यात जुना आणि सगळ्यात हट्टी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक पान (साठवणुकीचे एकक) ८ केबीचे आणि ओळ पानाबाहेर जाऊ शकत नसे. २००१ च्या ७.१ आवृत्तीत टोस्ट नावाची सोय आली, तेव्हा मोठ्या किमती तुकडे करून वेगळ्या टेबलमध्ये जाऊ लागल्या. मायएसक्यूएलमध्ये चित्र एसक्यूएल वाक्यातच कोंबले जाई. शून्य बाइट, अवतरणचिन्ह आणि बॅकस्लॅश एस्केप करावे, म्हणजे आधी बॅकस्लॅश लावून लिहावे लागत. दोनदा एस्केप झाले की चित्र खराब. शिवाय एका पॅकेटला बराच काळ १ एमबीची मर्यादा होती (८.० मध्ये ती ६४ एमबी झाली). एस्केपची कटकट खऱ्या अर्थाने मिटवली ती प्रिपेअर्ड स्टेटमेंटने (यात वाक्य आणि किमती वेगवेगळ्या पाठवतात), मायएसक्यूएल ४.१ आणि पीएचपी ५ मधून ती २००४ मध्ये हाती आली.

टेबल की फोल्डर, या वादाला आकडे मिळाले २००६ मध्ये. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सीअर्स, व्हॅन इंगेन आणि ग्रे यांनी एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम यांची तुलना केली. २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल सिस्टिममध्ये. मधल्या आकारांचा निकाल त्या किती वेळा बदलल्या जातात यावर. हे आकडे त्या काळच्या यंत्रांचे आहेत, ते आज जसेच्या तसे घेऊ नयेत. पण जुन्या वस्तूंवर वारंवार नव्या लिहिल्या की साठा विखुरतो, हे त्यांचे निरीक्षण अजून उपयोगी आहे. त्याच वर्षी ॲमेझॉनची एस३ ही फाइल साठवण्याची सेवा सुरू झाली आणि मोठ्या संकेतस्थळांचा कल डेटाबेसबाहेर ठेवण्याकडे झुकला.

बाहेर ठेवण्याची किंमतही आहे: डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही नाही) फाइलला लागू होत नाही, आणि बॅकअप दोन वेळांचे घेतले तर ते जुळत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फाइल आपण दिलेल्या नावाने लिहावी (मूळ नाव फक्त कॉलममध्ये), मग ओळ घालावी. उलट केले आणि मध्येच काही बिघडले, तर ओळ आहे पण चित्र नाही अशी अवस्था येते. या क्रमात फार तर एखादी बेवारस फाइल उरते, आणि ती रात्रीच्या सफाईच्या जॉबमध्ये निघून जाते. त्या जॉबने मात्र काही तासांपेक्षा नव्या फाइलींना हात लावू नये. ज्यांची ओळ अजून पडायची आहे, त्याही तेव्हा बेवारसच दिसतात.