कारवानी की ग्रेहाउंड?

माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनला माझ्या कुत्र्याला, बाण्याला, फिरवायला नेलं की दोन प्रश्न ठरलेले. ‘अहो, याला खायला घालता की नाही?’ आणि जरा जाणकार असेल तर, ‘ग्रेहाउंड ना?’ पहिल्याचं उत्तर ‘घालतो’, दुसऱ्याचं ‘कारवानी’. बरगड्या दिसणं ही या दोन्ही शिकारी जातींची अंगकाठी, उपासमार नव्हे.

ओळखायचं तर कान बघा. ग्रेहाउंडचे कान मागे दुमडलेले, चाहूल लागली की अर्धे उभे राहतात. कारवानीचे डोक्याला चिकटून खाली लोंबतात. ग्रेहाउंडचा नर सहज ३० किलोच्या वर जातो. बाण्या २४ वर थांबलाय. (मुधोळ हाउंड हा तिसरा कुणी नव्हे, कारवानीचंच दुसरं नाव. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली.)

खरा फरक स्वभावात. ग्रेहाउंड पाहुण्याच्या मांडीवर मान टाकून मोकळा होतो. कारवानीला परक्याचा हात खपत नाही. लिफ्टमध्ये कुणी ‘सो क्यूट’ म्हणत हात पुढे केला की बाण्या माझ्या पायामागे सरकतो, शेपूट पोटाखाली. पहिल्या वर्षात त्याला माणसांची, रिक्षांची, ढोल-ताशांची सवय लावावी लागली. घरात वर्दळ असेल, तर माझ्या मते ग्रेहाउंड बरा.

मुंबईच्या उन्हाळ्यात मात्र कारवानी जास्त तग धरतो. दख्खनच्या उन्हातलाच तो. तरी दुपारी डांबरी रस्त्यावर दोघांनाही नेऊ नये.

बाकी काळजी सारखीच. मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा निसटतो. ओढला की थोडा आवळणारा रुंद पट्टा किंवा हार्नेस घ्या. मांजर दिसलं की हाक ऐकू येत नाही, म्हणून साखळी सोडायची नाही. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, तेव्हा जेवणानंतर तासभर धावपळ नको. बेशुद्धीची काही औषधं ग्रेहाउंडच्या अंगातून फार हळू उतरतात. शस्त्रक्रियेआधी जात स्पष्ट सांगा. मी कारवानीचीही सांगतो.

पावसाळ्याआधी लेप्टोची लस चुकवू नका, उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून तो रोग येतो. बाण्याला तशी भीती कमी. पहिल्या सरीला तो जिन्याच्या दारात उभा राहतो, एक पाय बाहेर टाकतो, झटकतो आणि घराकडे वळतो.