पहिला छोटा ट्रॅक्टर घेताय? आधी एक-चौदाचा उतारा काढा

गोव्यात ट्रॅक्टर घ्यायचं मनात आलं की माणूस आधी शोरूम गाठतो. मी म्हणेन, आधी एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे जमीन कोणाची, किती आणि कुठल्या प्रकारची हे सांगणारा सरकारी कागद. अनुदान मिळेल की नाही ते त्यात कळतंच, पण कुठलं यंत्र तुमच्या जमिनीत चालेल हेही बरंचसं त्याच कागदावर असतं.

उताऱ्यात लागवडीचं क्षेत्र जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन (खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन), केर (हलकी रेताड जमीन), मोरड (उंचवट्याची जमीन) अशा रकान्यांत हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये मांडलेलं असतं. आकडा खाजनात असेल तर जड ट्रॅक्टर विसरा, पोटापर्यंत रुतेल. तिथे मागून चालत हाकायचा पॉवर टिलर, नाहीतर हलका फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि चिखलणीसाठी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं. केर, मोरड आणि मोकळ्या तरी शेतात २० ते २७ एचपीचा छोटा ट्रॅक्टर छान चालतो. बागायतीत मात्र सबुरीने घ्या. सुपारीच्या दोन रांगांत नऊ फूट दिसतात, पण मधले पाट आणि उतार धरला तर कित्येक कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) ट्रॅक्टर वळतसुद्धा नाही. तिथे पॉवर वीडर आणि ग्रास कटर बरे.

अवजारांत पहिल्या वर्षी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा) आणि कल्टिव्हेटर (फणांनी नांगरणारा) एवढं पुरे. रोटाव्हेटर चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर चाकाची चाकोरी तशीच दबलेली राहते. आणि शेतात शिरायची वाट टेपने मोजा. माझ्या चुलतभावाने अवजार घरी आणलं तेव्हा कळलं की दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधली वाट चार बोटं कमी आहे. शेवटी भिंत पाडली, ती परत बांधायचा खर्च वेगळा.

आता अनुदान. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना ५० टक्के असं सूत्र आहे. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे २०,००० चौरस मीटरपर्यंत जमीन असलेला अल्पभूधारक. आपल्याकडचे बरेचसे भातशेतीवाले त्यातच बसतात. टक्क्यांवर रुपयांची कमाल मर्यादा असते, आणि ती इंजिनाच्या नव्हे, पीटीओच्या एचपीवर ठरते. पीटीओ म्हणजे रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा. इंजिन २४ एचपीचं असलं तरी तिथे त्याहून कमीच ताकद पोचते. कोटेशनवर हा पीटीओचा आकडा लिहून घ्या. त्या मॉडेलचा सरकारी चाचणी केंद्राचा अहवाल आहे का, तेही विचारा. आणि कोटेशन जुनं असेल तर बदलून आणा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

अर्ज तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात करायचा. सोबत कृषी कार्ड (कृषी खात्याने शेतकऱ्याला दिलेलं ओळखपत्र), एक-चौदाचा ताजा उतारा, आधार, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक, फोटो, कोटेशन, लागू असेल तर जातीचा दाखला. कृषी कार्ड नसेल तर तेही याच कार्यालयातून करून घ्या, आणि पावसाच्या तोंडावर नको, तेव्हा सगळा तालुका तिथेच असतो.

खरं घोडं अडतं ते कब्जेदाराच्या रकान्यात. तिथे अजून आजोबांचं नाव, वाटण्या झालेल्या नाहीत, एक काका मुंबईत, आतेभाऊ लिस्बनला. इन्व्हेंटरी (कोर्टातली वारसांची वाटणी) आणि म्युटेशन (उताऱ्यावर नाव चढवणं) होईपर्यंत सहहिस्सेदारांच्या ना हरकत पत्रावर काम भागतं का, हे अधिकाऱ्याला आधीच विचारा. सह्या गोळा करायला ट्रॅक्टर निवडण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. कूळ असाल तर कुळाच्या रकान्यात तुमचं नाव हवं. गोव्यात बऱ्याचदा नवरा-बायको दोघांची नावं उताऱ्यावर असतात, तेव्हा जमीन दोन हेक्टरांच्या वर असेल तर महिलेच्या ५० टक्क्यांसाठी बायकोच्या नावाने कार्ड काढून अर्ज करायचा विचार घरात जरूर करा.

क्रम चुकवू नका. आधी मंजुरी, मग खरेदी. ‘गाडी आत्ता घेऊन जा, कागद मागाहून बघू’ असं विक्रेता म्हणाला तर चहा प्या आणि घरी या. मंजुरीनंतर बिल कार्डावरच्याच नावाने, अक्षर न अक्षर जुळणारं घ्या, पैसे बँकेतून द्या. अधिकारी येऊन यंत्र बघतो, इंजिन आणि चेसिस नंबर ताडतो, मग रक्कम खात्यात येते. म्हणजे सुरुवातीला पूर्ण किंमत तुम्हालाच उभी करावी लागते. कर्ज घेणार असाल तर बँकेला हे आधी सांगा.

ट्रॅक्टरची आरटीओत नोंदणी आणि निदान थर्ड पार्टी विमा लागतोच. ट्रॉली घेतलीत तर तिची नोंदणी वेगळी.