कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीचीच का?

कोलेस्टेरॉलची गोळी सकाळी घेतली तर वाया गेली, असं मानणारे पुष्कळ आहेत. हा समज खोटा नाही, जुना आहे.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, यकृतच ते तयार करतं, आणि त्याचा जोर मध्यरात्रीनंतर असतो. कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा स्टॅटिन गटातली असते, आणि ही औषधं या कामाला लागणारं विकर (एन्झाइम) अडवतात. 1987 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोवास्टॅटिन आणि मागून आलेलं सिम्व्हास्टॅटिन काही तासांतच ओसरतं. सकाळी आठला गिळलं, तर यकृताची भट्टी पेटेपर्यंत औषध संपलेलं. म्हणून रात्र. साधं लोवास्टॅटिन तर रात्रीच्या जेवणाबरोबरच घ्यायचं, उपाशीपोटी ते कमी शोषलं जातं.

आता चिठ्ठीवर बहुधा अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असतं. रक्तातलं अटोर्व्हा निम्मं व्हायला सुमारे 14 तास लागतात, रोसुव्हाला 19. शिवाय अटोर्व्हापासून शरीरात बनणारे घटकही काम करत राहतात, त्यामुळे विकर 20 ते 30 तास दबलेलं राहतं. इथे सकाळ काय, रात्र काय, फरक नगण्य. जेवणाचीही अट नाही.

फरक पडतो तो विसरण्याने. कराड-वाळव्याकडे उसाला पाणी पाजणाऱ्याची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची वेळ धरली की दर दुसऱ्या आठवड्यात माणूस मोटारीवर आणि गोळी घरच्या फळीवर! त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून ती सकाळच्या चहाला जोडावी. एखादी चुकलीच, तर पुढच्या गोळीला 12 तासांहून जास्त अवकाश असेल तर आठवेल तेव्हा घ्यावी, नाहीतर ती सोडून द्यावी. दोन एकदम कधीच नाहीत.

आपली गोळी कोणती, हे मात्र पट्टीवरच कळतं. मेडिकलवाला दहाच्या पट्टीतून पाच कापून देतो आणि नाव नेमकं दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहतं. नावाचा तुकडा मागून घ्या. जोडगोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असतील, तर वेळ जोडीदार ठरवतो: ॲस्पिरिन असेल तर बहुधा जेवणानंतर, फेनोफायब्रेट असेल तर सहसा जेवणाबरोबर.

रोसुव्हा घेणाऱ्याने जळजळीसाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध लगेच पिऊ नये, शोषण जवळपास निम्म्यावर येतं. मध्ये 2 तास जाऊ द्यावेत. सिम्व्हा-अटोर्व्हावाल्यांनी पपनसाचा मोह आवरावा, त्यातल्या द्रव्यांमुळे रक्तातलं औषध वाढू शकतं. कुठलंही अँटिबायोटिक लिहून घेताना ही गोळी चालू आहे हे सांगावं. क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर सिम्व्हा चालतच नाही.

सुरुवातीनंतर 4 ते 12 आठवड्यांनी लिपिड (रक्तातल्या चरबीची) तपासणी होते. आकडे उतरले म्हणून पुष्कळजण तिथेच गोळी सोडतात आणि काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा होतं तिथे येतं. या गोळीने क्वचित स्नायूही दुखतात. भांगलणीनंतर मांड्या दुखणं वेगळं. काही काम न करता दोन्ही मांड्या-खांदे दुखू लागले तर डॉक्टरांना कळवावं, आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.