पिकअप गेला, पिकअप आली

परवा ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर माझी स्कूटर रडायला लागली, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी रिक्षावाले हॉर्न मारत पुढे जातायत, म्हणून दुसऱ्या दिवशी कोपरीतल्या मेकॅनिकदादांकडे नेली. त्यांनी एक राउंड मारला आणि म्हणाले, "पिकअप गेलाय ताई, बेल्ट बघावा लागेल." तेवढ्यात त्यांचा पोऱ्या ओरडला, "दादा, पिकअप आलीये, माल उतरवायचाय!" इकडे माझा फोन वाजतच होता, तर दादा म्हणाले, "आधी तो पिकअप करा." अर्ध्या मिनिटात तीन पिकअप आणि कुणाचाच गोंधळ झाला नाही, मला तर ही गोष्ट खरंच थक्क करणारी वाटते.

इंग्रजीतलं 'पिक' मुळात टोचणं, वेचणं अशा बोटांच्या कामाचं, आणि 'अप' म्हणजे वर. या दोन बारक्या शब्दांतून पडलेली वस्तू उचलणं, मुलाला शाळेतून आणणं, रेडिओने सिग्नल पकडणं, भाषा नुसती कानावर पडून शिकणं, धंदा सुधारणं, एवढं सगळं निघतं. आता आपलं 'उचलणं' बघा. फोन उचलतो, पोलिसांनी रात्री उचललं, लग्नाचा खर्च मामाने उचलला, पोरीने शेजारच्यांचा शब्द बरोब्बर उचलला. या चारही ठिकाणी इंग्रजीतही 'पिक अप'च चालतं! आणि धंदा सुधारला की आपण म्हणतो बाजाराने उचल खाल्ली. दोन भाषा इतक्या लांबच्या, तरी वाट तीच, कारण माझ्या मते सुरुवात दोघींची हातापासून आहे. वस्तू हातात आली की ती आपली झाली, मग शब्द, माणूस, खर्च, सगळंच हातात घेता येतं. 'वर म्हणजे जास्त' हेही तसंच, भांड्यात पाणी ओतलं की पातळी चढते हे लहानपणापासून बघतो, म्हणून भावही चढतात आणि पारासुद्धा. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी हा विचार १९८० मध्ये सविस्तर मांडला.

२००४ मध्ये मेंदूचे अभ्यासक ओलाफ हाउक आणि सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून चाटणं, उचलणं, लाथ मारणं अशा अर्थाचे इंग्रजी शब्द नुसते वाचायला दिले, त्यात हे 'पिक'सुद्धा होतं, तर हाताच्या शब्दाला मेंदूतला हात हलवणाऱ्या भागाजवळचा भाग जागा झाला, पायाच्या शब्दाला पायाचा. पण 'खर्च उचलला' अशा लाक्षणिक वापरात तसंच होतं का, यावर प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

मग गोंधळ का होत नाही? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांचा १९७९ चा प्रयोग मला फार आवडतो. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा आणि चोरून ऐकायचं यंत्रही. त्यांनी कोळी, झुरळं असा स्पष्ट संदर्भ असलेलं वाक्य ऐकवलं आणि 'बग' कानावर पडताक्षणी स्क्रीनवर एक शब्द दाखवला. 'मुंगी' लोकांनी पटकन ओळखला, पण 'हेर'सुद्धा! वाक्य अजून तीन सिलॅबल (म्हणजे उच्चाराचे तीन तुकडे) पुढे गेल्यावर मात्र फक्त मुंगी उरली. म्हणजे मेंदू आधी दोन्ही अर्थ उघडतो आणि नको तो लगेच मिटतो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणूनच जे शब्द जास्त वापरात तेच जास्त अर्थांचे, हे भाषेचे अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्येच दाखवलं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचं काम करणाऱ्यांनी नुसत्या 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत. छोटा, तोंडात बसलेला शब्द पुन्हा पुन्हा वापरणं स्वस्त पडतं, बाकीचं काम संदर्भ करतो.

आणि आपल्या कोपरीत तर संदर्भाच्या जोडीला मराठी व्याकरणही मदतीला येतं. जोर तो पिकअप, म्हणून 'गेला'. टेम्पोसारखी गाडी ती पिकअप, म्हणून 'आली'. फोनला नुसतं 'करा'. पोऱ्याने 'आलीये' म्हटल्यावर दादांनी मान वर न करताच हात पुसले आणि माल उतरवायला निघाले.