सेकंदाला नऊ सूर

मे 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आपली नवी रचना ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित करत होता. पियानोवर टॉमी फ्लॅनॅगन होता. हा गडी नवखा मुळीच नव्हे. तीनच वर्षांपूर्वी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सच्या गाजलेल्या रेकॉर्डवर पियानो त्याचाच होता. कोल्ट्रेन कुठेही न अडखळता आपला सोलो, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसा एकट्यानं वाजवायचा भाग, वाजवून मोकळा होतो, मग फ्लॅनॅगनची पाळी येते. सुरुवात निभते. थोड्याच वेळात सुरावट तुटायला लागते, मधेमधे रिकाम्या जागा पडतात, आणि अखेर तो सुरावटीचा नाद सोडून नुसत्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र दाबलेले स्वरांचे गुच्छ, धरतो. (1982 साली त्यानं आपल्या त्रिकुटाबरोबर हीच रचना पुन्हा वाजवली. तिथे तो अडत नाही.)

एवढा तयारीचा वादक का अडावा? थोडा हिशेब करू. रचना 16 बारची (बार म्हणजे चार मात्रांचा गट), त्यात 26 कॉर्ड्स आणि तीन वेगवेगळ्या पट्ट्या, म्हणजे तीनदा बदलणारा ‘सा’. बऱ्याच कॉर्ड्स दोनच मात्रा टिकतात. लय मिनिटाला सुमारे 290 मात्रांची, म्हणजे दोन मात्रांना जेमतेम चार दशांश सेकंद मिळतात. सोलोत मात्रेला दोन सूर पडतात, ते झाले सेकंदाला नऊहून जास्त. समोर दिवा लागल्यावर बटण दाबायलासुद्धा माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. ‘हा सूर घेऊ की तो’ असा एकेका सुराचा निर्णय इथे होऊच शकत नाही.

मेंदूशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी 1951 मध्येच पियानोवादकाच्या बोटांचं उदाहरण देऊन हा मुद्दा मांडला होता. एक बोट पडलं, त्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचली आणि मग पुढचं बोट हललं, अशी साखळी मानली तर वेळच पुरत नाही. तेव्हा सुरांचा अख्खा क्रम आधीच जुळवून बोटांकडे धाडला जात असला पाहिजे.

मग वाजवताना डोक्यात असतं तरी काय? सर्वांत आधी, आपण कुठे आहोत याचं भान. जॅझमधल्या बहुतेक रचना 12 किंवा 32 बारच्या असतात आणि कॉर्ड्सचा तोच क्रम पुन्हा पुन्हा फिरत राहतो. अशा एका फेरीला कोरस म्हणतात. तानेच्या भरात असलेल्या गवयालाही सम किती लांब आहे ते ठाऊक असतं, तसंच हे भान पाठीमागे जागं असतं. त्याच्या जोडीला असतात पुढची ठिकाणं. कॉर्डचा रंग तिच्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरावर ठरतो. डी मायनर सेव्हन या कॉर्डमधला सी हा स्वर अर्ध्या स्वरानं उतरून बीवर आला की जी सेव्हन ही पुढची कॉर्ड आल्याचं कानाला लगेच कळतं, खाली बास वाजत नसला तरी. वादक नेम धरतो तो अशा सुरांवर. मधली वाट बोटं भरून काढतात.

ती कशानं भरतात? घोटलेल्या तुकड्यांनी. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हा आयत्या वेळी सुचण्याचा बादशहा मानला जातो. टॉमस ओवेन्स या अभ्यासकानं 1974 च्या आपल्या प्रबंधात पार्करच्या सोलोंची चिरफाड केली, तेव्हा सुमारे शंभर तुकडे पुन्हा पुन्हा सापडले. कोल्ट्रेनचंही तेच. कॉर्डच्या मूळ स्वराला सा मानलं तर त्याच्या त्या सोलोत ‘सा रे ग प’ हा तुकडा सतत भेटतो. ती कॉर्ड्सची चाल त्यानं आधीच घोटून ठेवली होती, फ्लॅनॅगनच्या हातात ती तशी बसलेली नव्हती. मानसशास्त्रज्ञ फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांची मांडणी इथे मला पटते: कॉर्ड्सची मांडणी सावकाश बसून, खाडाखोड करत करायची असते, सोलोतली सुरावट मात्र अशा नियमांवर चालावी लागते, ज्यांत मधला हिशेब लक्षात ठेवण्याची गरजच पडत नाही.

2008 मध्ये अमेरिकेत चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना चक्क एमआरआय यंत्रात घातलं. यंत्राच्या चुंबकाला चालेल असा 35 पट्ट्यांचा प्लास्टिकचा कीबोर्ड मांडीवर, वादक पाठीवर झोपलेला, आरशातून पट्ट्या पाहणारा. पाठ केलेली सुरावट वाजवताना आणि ऐनवेळी सुचेल ते वाजवताना मेंदूत काय फरक पडतो, ते पाहिलं. सुचेल ते वाजवताना कपाळामागच्या मेंदूचा कडेचा भाग, जो आपल्या वागण्यावर देखरेख ठेवतो, तो मंदावला. मधला भाग, जो स्वतःविषयीच्या विचारांशी जोडलेला आहे, तो जास्त सक्रिय झाला.

यावरून ‘जॅझवाले मेंदू बंद करून वाजवतात’ असं पसरलं. इतकं सोपं ते नाही. स्टॉकहोममध्ये 39 पियानोवादकांवर प्रयोग झाले. 2014 मध्ये दिसलं ते असं, की ज्यांचा सुचेल ते वाजवण्याचा सराव जास्त, त्यांच्या मेंदूतले देखरेखीचे भाग कमी राबतात, पण पुढच्या मेंदूतल्या भागांचे आपसातले धागे अधिक घट्ट असतात. 2016 च्या निष्कर्षांनी आणखी पेच टाकला. ‘अमुक भावना दाखवा’ म्हटलं तर तो कडेचा भाग शांत, ‘कीबोर्डवरच्या याच ठरावीक पट्ट्या वापरा’ म्हटलं तर तोच कामाला लागतो. वादकानं स्वतःवर कुठलं बंधन घातलं आहे, त्यावर हे अवलंबून. खऱ्या सोलोत तर ही दोन्ही कामं आलटूनपालटून चालत असणार, असा माझा अंदाज.

लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतला प्रयोग मला सगळ्यांत मजेदार वाटतो. जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय, दोन्हीकडच्या पियानोवादकांना पडद्यावर एक हात कॉर्ड्स वाजवताना दाखवला, अजिबात आवाजाशिवाय. त्यांनी तसंच वाजवायचं होतं. मधेच अनपेक्षित कॉर्ड आली की जॅझवाल्यांचा मेंदू लवकर नवी आखणी करायला लागे आणि हातही लवकर पोचे. मात्र कुठली पट्टी कुठल्या बोटानं दाबायची, हे हुबेहूब उचलण्यात शास्त्रीय वादक सरस ठरले.