नोटीस सात दिवसांची, घरटे दोन महिन्यांचे

शहरात झाड तोडायचे ठरले की खोडावर कागद लागतो: हरकत असल्यास सात दिवसांत कळवा. जून-जुलैत त्याच खोडाखालची फरशी विष्ठेने पांढरी झालेली असते आणि वर गायबगळ्यांची, ढोकरींची घरटी असतात. गायबगळ्याची अंडी उबायला साडेतीन आठवडे लागतात, पिल्लाला नीट उडता यायला आणखी महिनाभर. हा हिशेब जुळत नाही, कारण झाड आणि घरटे यांचे कायदे वेगवेगळ्या वाटांनी आले.

पक्ष्यांचा विणीचा हंगाम कायद्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1887 च्या वन्य पक्षी कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांना तो हंगाम ठरवण्याचा अधिकार दिला होता. त्या काळात नुकतेच मारलेले किंवा धरलेले रानपक्षी बाळगायला, विकायला मनाई करता येई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणे, अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे आणले. कावळा मात्र तेव्हा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत गेला. म्हणजे कावळ्याच्या घरट्याला संरक्षण नव्हते, आणि त्याच घरट्यात कोकिळेने घातलेल्या अंड्याला होते! ती यादी 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाली.

झाडांची वाट निराळी. महाराष्ट्रात 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा होता. शहरांसाठी 1975 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना, तोडण्यापूर्वी परवानगी ही चौकट आली. ‘तोडणे’ या शब्दात जाळणे आणि झाडाला कोणतीही इजा करणेही धरले आहे, हे फार मोलाचे आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला ‘हेरिटेज’ दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. अट चांगली आहे, पण हिशेब सगळा झाडांचा आहे. साठ रोपे लावली तरी त्यांतल्या एकावरही पुढची कित्येक वर्षे बगळ्यांची वसाहत बसणार नाही.

कामकाजही विभागलेले. झाडाची फाईल पालिकेच्या उद्यान विभागात फिरते, घरट्याचा कायदा वनविभागाकडे. त्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी येते मे महिन्यात, म्हणजे कावळे काटक्या जमवू लागतात नेमके तेव्हा. कावळ्याने घरटे किती उंचावर बांधले यावरून पावसाचा अंदाज बांधणारे लोक आपण. त्या फांदीवर करवत चालते तेव्हा आपल्यातले किती जण वर पाहतात?

हरकत लिहिताना झाडाच्या वयासोबत घरट्यांची संख्या, पक्ष्यांची नावे आणि तारखेसह फोटो जोडावेत. एक प्रत वनविभागालाही द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी.