बाळ दूध टाकतंय? आधी दुपटं बघा

(बाळंतविड्यासोबतचं माहितीपत्रक)

बाळंतविडा नेला की महिना-दीड महिन्यानं त्याच घरातून फोन येतो, हे आता आमच्या अंगवळणी पडलंय. "लाळेरी पुरेनात हो, अजून अर्धा डझन पाठवता का?" पाठवतोच, धंदाच आहे तो. पण कारण विचारलं की पलीकडचा आवाज जरा खाली येतो. पाजलं की टाकतंय, झबलं बदललं की पुन्हा टाकतंय, पोटात काही राहतच नाही. मागून आजींचं चालू असतं, "आईचं दूध पचेना लेकराला, वरचं सुरू करा."

ते वरचं सुरू होण्याआधी वाचलं जावं म्हणून हे पत्रक झबल्यांच्याही वर ठेवलंय. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात टर्किश टॉवेल, दुपटी, लाळेरी करणारी माणसं, डॉक्टर नव्हे. बाळाच्या तब्येतीविषयी इथे जे आहे ते बालरोगतज्ज्ञ आईवडिलांना सांगतात तेच. कापडाविषयीचं तेवढं आमचं.

दूध वर का येतं

अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे तोंड आवळून धरणारा एक स्नायू असतो. लहान बाळात तो कच्चा असतो, मधूनच सैल पडतो. त्यात पोट एवढंसं, खाणं सगळं पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडून. नाडी न ओढलेली पिशवी आडवी ठेवावी तसा प्रकार. दूध वर येणारच. दहातली निदान चार बाळं रोज दूध टाकतात. गुठळ्या दिसतात त्या पोटातल्या आम्लानं दूध फुटल्यामुळे, म्हणजे पचन सुरू झालेलं असतं. आईचं दूध 'नासकं' किंवा 'जड' असल्याची ती खूण नव्हे.

बहुतेकदा हे पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या आसपास जोरात असतं, आणि बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की ओसरतं. वाढदिवसापर्यंत दहातल्या नऊ बाळांचं थांबलेलं असतं.

"पण किती टाकतं बघा ना, सगळं दुपटं भिजलं!" हे आम्ही इतकं ऐकतो की एक प्रयोग सुचवतो. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलि दूध दुपट्यावर ओता आणि पसरू द्या. डाग बघून तुम्हीच म्हणाल, एवढंसंच होतं होय? पातळ सुती कापड थोडं दूधही लांबवर ओढून नेतं. डागावरून माप काढू नका.

माप काढायचं ते लंगोटावरून आणि काट्यावरून. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होत असतील तर दूध पोटात जातंय आणि राहतंयही. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांच्या आत बहुतेक बाळं जन्मवजनावर परत येतात, आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ धरतात. रोज काट्यावर घालायचं मात्र खूळ नको. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंची भेट ठरलेली असते, तेव्हा वजन करून कार्डावर मांडून घ्या.

पांढऱ्या कापडावर काय दिसतं

गिऱ्हाइकं आम्हाला गडद निळी, कार्टूनची लाळेरी मागतात, डाग दिसत नाहीत म्हणून. खांद्यावरची फडकी तरी आम्ही पांढरीच ठेवतो, कारण डाग दिसायलाच हवा. पांढरं किंवा फुटलेल्या दुधाचं असेल आणि बाळ हसतंखेळतं असेल तर पुसा आणि पुढे चला. पहिल्या दोन-चार दिवसांत चिकाच्या दुधाची फिकट पिवळी झाक असू शकते.

हिरवं किंवा पोपटी आलं तर थांबू नका. ते पित्त आहे, आणि लहान बाळात त्याचा अर्थ आतडं अडलं असणं असाही होऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिव्हिलला किंवा जवळच्या मुलांच्या दवाखान्यात न्या, दुपटं सोबत घेऊन. लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी दिसलं तरी दाखवायचंच. कधी ते आईच्या भेगाळलेल्या बोंडातलं रक्त निघतं, पण ते डॉक्टरांनी ठरवू दे.

दुसरं, ओघळ आणि उलटी यांत फरक करा. साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची, मुलग्यांची जास्त, प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी होत असेल आणि लगेच पुन्हा भूक लागत असेल, तर पोटाचं आतड्याकडचं तोंड आवळलं गेलेलं असू शकतं. ते सोनोग्राफीत कळतं, छोट्या शस्त्रक्रियेनं कायमचं बरं होतं, पण अंगावर काढलं तर बाळ सुकतं. याशिवाय वजन न वाढणं, लंगोट कोरडे राहणं, पोट फुगून कडक होणं, शी मध्ये रक्त, टाळू फुगलेली, बाळ मलूल, पाजायलाच नकार, तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सहा महिन्यांनंतर नव्यानं सुरू झालेलं किंवा वर्षानंतरही चालू राहिलेलं टाकणं हेही दाखवण्याजोगं. श्वास अडला, ओठ निळे पडले तर १०८.

पाजण्याची पद्धत: निम्मं काम इथेच

टाकण्याची तक्रार घेऊन आलेल्या पुष्कळ बाळांचा प्रश्न पोटात नसतो, तोंडात असतो. बाळानं नुसतं बोंड तोंडात धरलं तर दूध कमी येतं, हवा जास्त जाते आणि आईला भेगा पडतात. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. नाक बोंडासमोर आणा, बाळ मोठा 'आ' करेपर्यंत थांबा, मग बाळाला स्तनाकडे आणा. आईनं वाकून स्तन बाळाच्या तोंडात कोंबू नये, त्यानं पाठ धरते ती वेगळीच. नीट धरलं की हनुवटी स्तनात रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो, बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूनं जास्त आत जातो. चोखताना चुटचुट आवाज येत असेल, गालाला खळ्या पडत असतील तर पकड सुटलीय. करंगळी कोपऱ्यातून घालून सोडवा, पुन्हा लावा.

काही बाळं स्तनाला लागली की ठसकतात, पाठ ताणून मागे ओढतात, रडतात. 'दूध आवडेना' असं घरात ठरतं. खरं तर काही आयांचं दूध सुरुवातीला एवढ्या धारेनं येतं की बाळाला आवरत नाही. अशा वेळी आईनं मागे रेलून बाळाला पोटावर घेऊन पाजावं, धार कमी होते; किंवा पहिली जोराची धार फडक्यावर जाऊ द्यावी. नाक चोंदलेलं असलं तरीही बाळ सोडून सोडून पितं. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं साध्या मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब. अंघोळ घालणाऱ्या बाई नाकात तेल सोडतात ते मात्र बंद करा, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. प्रत्येक वेळी पकड सुटतच असेल तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते डॉक्टर पाहतील.

भूक अनावर होऊन रडेपर्यंत वाट पाहू नका. रडताना गिळलेली हवा वर येताना दूध घेऊनच येते. हात चोखणं, तोंड फिरवणं ही भुकेची हाक. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. टाकणाऱ्या बाळाला थोडं थोडं, जास्त वेळा द्या. टाकलं म्हणून लगेच तेवढंच पुन्हा पाजायची घाई नको, भूक दाखवली तरच.

काढलेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं देत असाल तर बाळ अर्धवट बसतं धरा. आडवं पाडून, गाल दाबून, घशात धार सोडणं हे ठसका लागण्याचं कारण. ओठाला लावा, बाळाला ओढू द्या, गिळलं की पुढचं. आम्ही दुधाच्या बाटल्या ठेवत नाही. बाटली आणि पावडरीच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्यानं बंदच आहे. डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं असेल तर डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळा. 'पोटात टिकावं' म्हणून घट्ट करणं, त्यात नाचणीचं सत्त्व किंवा पीठ मिसळणं हे मनानं करायचं नाही.

पाजताना मध्ये एकदा आणि शेवटी एकदा ढेकर. फडकं खांद्यावर, बाळाचं डोकं त्यावर, पाठीवरून हलका हात. पाच मिनिटांत नाही आला तर नाही आला, थोपटून थोपटून जागं करू नका. मग वीस-तीस मिनिटं खांद्यावरच उभं धरा. हे काम आजोबांना किंवा बाळाच्या बाबांना द्या, आईनं तोवर गरम भाकरी खाऊन घ्यावी. पाजल्या पाजल्या मालिश, पायावरची अंघोळ, पोटावर घट्ट बांधलेला लंगोट, हे सगळं दूध बाहेर काढायचे उपाय आहेत. मालिश-अंघोळ पाजण्याआधी उरका.

झोपवताना

उताणं झोपवलं तर दूध घशात जाईल, ही भीती घरोघरी आहे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली राहते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच परततं. पालथं झोपवलं तर उलट होतं, आणि झोपेत श्वास थांबून बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. म्हणून दूध टाकणारं बाळसुद्धा उताणंच, सपाट आणि टणक गादीवर. डोक्याकडून उंच करणं, लोड लावणं यानं काही साधत नाही, बाळ घसरून हनुवटी छातीला टेकते. लुगड्याच्या झोळीत तेच होतं, म्हणून पाजल्याबरोबर झोळीत नको, आणि बाळ झोळीत असताना मोठ्या माणसाची नजर हवी.

बाळंतविड्यात मोहरीची उशी का नाही, असं विचारतात. कारण हेच. सोलापुरी चादरही आहेरात येते हौसेनं, पण ती बाळाच्या अंगावर घालायला भारी. ती आईनं पांघरावी.

घरगुती आणि मेडिकलमधलं

घुटी, वेखंड, साखरपाणी, ग्राइप वॉटर यांनी दूध टाकणं थांबत नाही; पोटातली जागा तेवढी अडते. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मेडिकलमधून उलटीचं किंवा ॲसिडिटीचं औषध परस्पर आणू नका. वजन वाढत असलेल्या, हसऱ्या बाळाला डॉक्टर बहुधा औषध देतच नाहीत.

पाणी हा आपल्याकडचा मोठा वाद. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, आणि बाळाला पाण्याचा थेंबही नाही? नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजा. पाणी आईला द्या, तांब्याभरून.

आईनं शेंगाचटणी, डाळ, वांगं सोडायचीही गरज नाही. अपवाद एकच: शी मध्ये रक्त किंवा शेम, अंगावर चट्टे, वजन अडलेलं असं असेल तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. मग डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर बंद करून पाहायला सांगतात. त्यांनी सांगितल्यावरच, नाहीतर बाळंतिणीचं ताट उगाच रिकामं होतं.

फडकी धुताना

आमच्या घरचा विषय, म्हणून दोन शब्द जास्त. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात. गरम पाणी पहिल्यांदा घातलं की दुधातलं प्रथिन धाग्यात बसतं आणि डाग पिवळा होऊन राहतो. गुठळ्या झटकून, मगभर थंड पाण्यात खळबळून पिळा, मग गरम पाणी आणि साबण. नळाला पाणी रोज येत नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण ओली फडकी बादलीत दोन-दोन दिवस साठवू नका, वास धरतात. नुसती खळबळून वाळत टाका, पाणी आलं की एकदम धुवा. आंबूस वास गेलाच नाही तर थंड पाण्यातून काढल्यावर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा आणि भरपूर पाण्यानं काढा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव नको. त्याचा थर बसला की टॉवेल पाणी शोषत नाही. नवं टर्किश कापडही दोन धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतं. वाळत घालण्यापूर्वी जोरात झटका, कडक उन्हातही खरखरीत होत नाही.

किती घ्यावीत? दहा-बारा फडकी फिरती पुरतात. जुन्या सुती लुगड्याचे, धोतराचे तुकडे तितकेच चांगले, ते घरात असतील तर आमच्याकडून घेऊ नका. टर्किश कापडाचा एखादा धागा निघून लोंबायला लागला तर ओढू नका, मुळाशी कात्रीनं कापा. वीण उसवत नाही. पण लोंबता ठेवूही नका. बाळाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि ते बाळाच्या रडण्याशिवाय कळत नाही. रडण्याचं दुसरं कारण सापडत नसेल तेव्हा हातापायाची बोटं एकदा उघडून बघा.